पंगतीतून उठलेला माणूस

यादी करायला मराठी माणसाला फार आवडतं. लग्न ठरलं रे ठरलं की मुलगा-मुलगी एकमेकांशी दोन शब्द बोलायच्या आत दोन्हीकडची मंडळी आमंत्रणांची यादी करायला बसतात. किराण्याची यादी, दिवाळीच्या फराळाची यादी, गावाला जाताना न्यायच्या सामानाची यादी, आणि या सगळ्या याद्या कुठे ठेवल्या ते विसरू नये म्हणून केलेली आणखी एक यादी. यादीत नाव घालायला अक्कल लागत नाही, पेन लागतं. खरी परीक्षा असते ती यादीतून नाव काढताना. चारशे पाहुण्यांच्या यादीतून एक चुलत आत्या वगळून बघा. पुढची वीस वर्षं त्या आत्याशिवाय दुसरं काही आठवायचं नाही.

आमच्या बँकेच्या धंद्यात तर खोडणं हे पापच. लेजरात चूक झाली तर रबर लावायचं नाही, ब्लेडने खरवडायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, आणि शेजारी अधिकाऱ्याची सही घ्यायची. मी नोकरीला लागलो तोवर लेजरं कपाटावर जाऊन बसली होती आणि टेबलावर कॉम्प्युटर आले होते. पण जुन्या हेडक्लार्कसाहेबांनी शिकवलेलं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय : "बँकेत काही नाहीसं होत नाही. एका बाजूनं जातं, दुसऱ्या बाजूला दिसतं."

हे वाक्य मी मोठ्या थाटात माझ्या भाच्याला ऐकवलं. भाचा इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडे कामोठ्यालाच राहतो आणि रात्रभर कॉम्प्युटरशी भांडत असतो. त्याचं त्या रात्रीचं भांडण 'जावास्क्रिप्ट' नावाच्या भाषेशी चाललं होतं आणि भांडणाचा विषय इतकाच होता की, यादीतलं मधलं एक नाव काढायचं कसं. मी म्हटलं, "अरे, खोड की!" तो म्हणाला, "मामा, तेच तर. खोडायचे पाच-सहा मार्ग आहेत आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा." कॉमर्सचा पदवीधर असूनही मला या वाक्यात एकदम गोडी वाटली. ज्या भाषेत नाव काढायचे पाच-सहा मार्ग आहेत, ती भाषा नक्कीच एखाद्या सासुरवाशिणीने किंवा सरकारी खात्याने रचलेली असणार.

आता ही भानगड समजून घ्यायची तर डोळ्यांसमोर पंगत आणा. कॉम्प्युटरवाले जिला 'ॲरे' म्हणतात ती म्हणजे पंगत. एका ओळीत पानं मांडलेली, प्रत्येक पानाला नंबर, प्रत्येक पानावर एक माणूस. नंबर मात्र शून्यापासून. पहिल्या पानावरच्या यजमानांचा नंबर शून्य, दुसऱ्याचा एक. ही चाल १९६७ साली मार्टिन रिचर्ड्‌स यांनी रचलेल्या 'बीसीपीएल' या भाषेतून १९७०च्या सुमारास आलेल्या 'सी' भाषेत उतरली आणि तिथून सगळीकडे पसरली. डाइक्स्ट्रा नावाच्या डच पंडिताने १९८२मध्ये, शून्यापासून मोजणंच कसं बरोबर आहे, यावर एक टिपणही लिहून ठेवलंय. आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या इमारतीत आधी तळमजला असतो आणि जिना चढून धापा टाकत वर गेल्यावर कळतं की हा 'पहिला' मजला!

तर पंगत बसलीय. वरण-भात झालाय. आणि मधलाच एक माणूस उठला. शास्त्राप्रमाणे पंगतीतून मध्येच उठायचं नसतं. का उठायचं नसतं, ते आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना ते पंचवीस-तीस वर्षं रोज नव्याने कळतंय. कारण तो माणूस उठला की तीन गोष्टी होऊ शकतात. एक, त्याचं पान तसंच रिकामं ठेवायचं. दोन, पुढच्या सगळ्यांनी एकेक पान अलीकडे सरकायचं. तीन, ही पंगत तशीच राहू द्यायची आणि त्या माणसाला सोडून बाकीच्यांची नवी पंगत मांडायची. यादीतून नाव काढण्याचा जगाचा सगळा इतिहास या तीन वाक्यांत येतो. कॉम्प्युटरच्या आधीचाही.

आपलं पंचांगच घ्या. ज्या दिवशी सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी, हा नियम. आता एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू झाली आणि दुसरा सूर्योदय व्हायच्या आत संपली, तर तिला दिवसच मिळत नाही. तिला क्षयतिथी म्हणतात. काल पंचमी, आज सप्तमी, षष्ठी गायब. पण गंमत पाहा. सप्तमीला कोणी षष्ठी म्हणत नाही. पुढच्यांचे नंबर बदलत नाहीत, मधलं पान तेवढं रिकामं राहतं. आपल्या ज्योतिषांना हे इतकं साधलं होतं की कधी काळी अख्खा महिना गाळायची वेळ आली तरी ते डगमगत नसत. १९८२-८३ साली, म्हणजे शके १९०४मध्ये, असा क्षयमास आला होता. क्षयमास आला की त्याच्या आगेमागे दोन अधिक मास येतात. एक कापायचा आणि दोन जोडायचे! हा हिशेब आमच्या ऑडिटरला दाखवला तर तो चष्मा काढून ठेवील.

इंग्रजांनी हेच काम केलं ते दुसऱ्या पद्धतीने. त्यांचं जुनं ज्युलियन कॅलेंडर सूर्याच्या मागे पडलं होतं. पोपने १५८२ सालीच सुधारणा केली होती, पण पोपचं ऐकायचं कशाला म्हणून इंग्लंडने १७० वर्षं काढली. शेवटी पार्लमेंटने कायदा केला आणि १७५२ साली बुधवार २ सप्टेंबरला झोपलेली प्रजा गुरुवार १४ सप्टेंबरला उठली. मधले अकरा दिवस कापले आणि दोन टोकं जोडली. वार मात्र चुकू दिला नाही. "आमचे अकरा दिवस परत द्या" म्हणून लोकांनी दंगे केले अशी गोष्ट सांगतात. इतिहासकार ती आता मानत नाहीत. मला मात्र त्या कायद्यातला वेगळाच भाग आवडला. देण्या-घेण्याच्या मुदती आणि भाडी ही खरोखर उगवलेले दिवस मोजूनच धरायची, असं कलम त्यात घातलं होतं. म्हणजे अकरा दिवस कापले म्हणून कुणाचा हप्ता अकरा दिवस आधी ओढायचा नाही. कायदा करणाऱ्यांत एखादा तरी बँकवाला असलाच पाहिजे.

तुम्ही म्हणाल, इंग्रजांच्या अकरा दिवसांशी आपल्याला काय करायचंय? करायचंय तर! आमचं कामोठे रायगड जिल्ह्यात. ज्या रायगडावरून जिल्ह्याला नाव मिळालं, त्या गडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी. त्याची इंग्रजी तारीख आपण ६ जून १६७४ अशी सांगतो. ती इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरातली आहे. आजच्या कॅलेंडरात बसवली तर ती १६ जून होते. कॅलेंडरातले दिवस पुढे कधीतरी कापले जातात, पण मागे लिहून ठेवलेल्या कागदांना ते कोण कळवणार? पंगत सरकली, पण "पाचव्या पानावर आमचे काका बसलेत" असं मघाशी सांगून गेलेला माणूस पाचव्याच पानाकडे बोट दाखवत राहतो. तिथे आता दुसरेच कुणीतरी पापड मोडत असतात.

याचा अनुभव मुंबईकरांनी नुकताच, २०२३ साली, दादर स्टेशनवर घेतला. दादरला पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे पुन्हा १ पासून ८. म्हणजे "दोन नंबरवर भेटू" असं ठरवून दोन मित्र दोन वेगवेगळ्या रेल्वेंच्या दोन नंबरांवर उभे राहायचे आणि मैत्री संपायची. सप्टेंबर २०२३मध्ये मध्य रेल्वेने आपला एक नंबरचा फलाट रुंद केला आणि त्यात दोन नंबरचा फलाट गेला. झालं! एकानंतर एकदम तीन. रिकामं पान. तीन महिने दादरने क्षयतिथीसारखे काढले. मग ९ डिसेंबर २०२३पासून सगळे नंबर नव्याने लावले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच, आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुना एक तो आठ झाला, जुना तीन तो नऊ झाला आणि जुना आठ चौदावर गेला. आम्ही कामोठ्याची माणसं मानसरोवर स्टेशनला हार्बरची गाडी पकडणार, कुर्ल्याला बदलणार आणि दादरला उतरणार. त्या महिन्यात दादरच्या पुलावर जो तो दुसऱ्याला विचारत होता, "आठ म्हणजे जुना आठ की नवा आठ?" एक फलाट काढला, पण पत्ते सात फलाटांचे बदलले. नाव काढण्याची किंमत ही अशी उरलेल्यांना भरावी लागते.

आमच्या कामोठ्यात मात्र असा प्रसंग येणार नाही. नवी मुंबई वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि पुढे आगरी-कोळ्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर सेक्टरांचे नंबर पडले. त्यात नंतर कुठे काही घुसवायचं झालं तर बाकीच्यांना न हलवता अक्षर लावायचं, ही सुटसुटीत रीत. सेक्टर ६, मग सेक्टर ६ ए, मग सेक्टर ७. कुणाचा नंबर बदलला नाही, कुणाला नवीन लेटरहेड छापावं लागलं नाही. पंगतीत दोघांच्या मध्ये लहान मुलाला अर्धं पान मांडून बसवतात, तसा तो ६ ए सुखात बसलाय.

एवढं समजल्यावर जावास्क्रिप्टची कुळकथा कळायला सोपी जाते. १९९५ हे साल. मुंबईचं बॉम्बे जाऊन अधिकृतपणे मुंबई झालं ते याच साली, आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणलं तेही याच साली. तिकडे कॅलिफोर्नियात नेटस्केप नावाच्या कंपनीत ब्रेंडन आइक नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मे महिन्यात दहा दिवसांत एक भाषा उभी केली. दहा दिवसांत! आमच्याकडे दहा दिवसांत चेकबुक येत नाही. तिचं बारशाचं नाव मोका, मग झालं लाइव्हस्क्रिप्ट, आणि ४ डिसेंबर १९९५ला सन कंपनीच्या जावा भाषेची त्या वेळी चलती होती म्हणून नाव जाहीर झालं जावास्क्रिप्ट. जावाशी तिचं नातं तेवढंच, जेवढं कोल्हापूरशी प्रत्येक हॉटेलातल्या 'व्हेज कोल्हापुरी'चं.

घाईच्या घरात पाट-रांगोळीला वेळ कुठला? पहिल्या आवृत्तीत धड पंगतच नव्हती. नंबर लावलेले डबे कपाटात ठेवून त्यालाच यादी म्हणायचं. पुढच्या वर्षी, १९९६च्या ऑगस्टात, खरी यादी आली. पण तिच्याशी काय करता येत होतं? यादी सांधून वाक्य करा, उलटी करा, क्रमाने लावा. काढण्याची सोय नाही. जून १९९७मध्ये जिनिव्हाच्या एक्मा या संस्थेने भाषेचं पहिलं प्रमाणपुस्तक काढलं, त्यातही नाही. मात्र त्याच सुमारास नेटस्केपने आपल्या चौथ्या आवृत्तीत पर्ल नावाच्या शेजारच्या भाषेकडून विरजण आणावं तशी पाच कामं उसनी आणली. पुश, पॉप, शिफ्ट, अनशिफ्ट आणि स्प्लाइस. डिसेंबर १९९९च्या तिसऱ्या प्रमाणपुस्तकात ती रीतसर नोंदली गेली. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्प्लोररमध्ये ती यायला २०००चा जुलै उजाडला. तोवर यादीतला एक माणूस काढायला लोकांना स्वतःच सगळी पंगत हाताने सरकवावी लागे.

या पाचांपैकी काढण्याचे धंदे तिघांचे. 'पॉप' शेवटच्याला उठवतो. कुणाला हलावं लागत नाही, कुणाची कुरकुर नाही. 'शिफ्ट' पहिल्याला उठवतो. एसटीच्या खिडकीवर पहिल्याचं तिकीट झालं की रांग पुढे सरकते, तसं. पण रांगेत हजार माणसं असली तर एकासाठी नऊशे नव्व्याण्णवांनी पाय उचलायचे. आणि मधल्याला उठवणारा तो 'स्प्लाइस'. हा शब्द मुळात दर्यावर्दी लोकांचा. दोराचा खराब तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकांचे पीळ सोडून, ते एकमेकांत गुंफून दोर अखंड करायचा, याला म्हणतात स्प्लाइस. पुढे सिनेमावाल्यांनी तो उचलला. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३च्या 'राजा हरिश्चंद्रा'पासून पुढची कित्येक दशकं फिल्म अशीच कात्रीने कापून टोकाला टोक चिकटवून जोडत असत. म्हणजे या शब्दात कापणं आहे, पण त्याहून जास्त जोडणं आहे. स्प्लाइसला आपण सांगायचं, दोन नंबरच्या पानापासून एक माणूस काढ. तो काढतो, बाकीच्यांना सरकवतो आणि आणखी एक गोष्ट करतो. पण ती पुढे सांगेन.

उरला 'डिलीट'. नाव ऐकून वाटतं, हाच खरा काढणारा. पण तो मुळात डब्यांच्या कपाटातला डबा काढायला नेमलेला गडी. त्याला पंगतीत पाठवलं की तो माणूस उचलतो आणि पान तसंच ठेवतो. मोजायला गेलं तर पंगत तेवढीच. दहा होते, दहाच. त्या पानाशी जाऊन कोण आहे विचारलं तर उत्तर येतं, 'अनडिफाइन्ड'. सरकारी उत्तर आहे, नाही? माणूस नाही, पण जागा रिक्त असल्याचंही कोणी सांगत नाही.

आणि एक राक्षसी मार्ग आहे तोही सांगतो. पंगतीच्या लांबीचा आकडाच बदलायचा. दहा माणसं बसलेली असताना लांबी पाच आहे असं लिहायचं, की शेवटची पाच जेवती माणसं पानांसकट अदृश्य! शून्य लिहिलं की मांडवच मोकळा. आमच्या एका यजमानांना ही विद्या लग्नाच्या आधी कळली असती तर केटररचं बिल निम्म्यावर आलं असतं.

२००९च्या डिसेंबरात पाचवं प्रमाणपुस्तक आलं आणि त्यात तिसरा मार्ग पक्का झाला, 'फिल्टर'. हा चहाच्या गाळणीसारखा. जुन्या यादीला हात लावायचा नाही, अट सांगायची, आणि अटीत बसणाऱ्यांची नवी यादी घ्यायची. आमच्या हेडक्लार्कसाहेबांना हा पसंत पडला असता. जुनं पान जागेवर, रेघ तेवढी नवीन. हीच बुद्धी पुढे इतकी रुजली की २०२३च्या प्रमाणपुस्तकात 'टू-स्प्लाइस्ड' नावाचा स्प्लाइसचा सोज्वळ भाऊ आला. तो कापाकापी करतो, पण झेरॉक्सवर.

इतके मार्ग असून 'अमक्याला काढ' असं नाव घेऊन सांगायची सरळ सोय या यादीत आजही नाही. पायथन भाषेत आहे, जावाच्या याद्यांत आहे, इथे नाही. आणि मौज म्हणजे ज्या भाषेत काढण्याचे एवढे प्रकार, ती भाषा स्वतःच्या अंगातून मात्र काहीच काढत नाही. १९९५च्या घाईत राहिलेल्या चुकासुद्धा तिने जपून ठेवल्यात, कारण त्या चुकांवर विसंबून जगभर लाखो पानं उभी आहेत. २०१८च्या मार्चमध्ये याद्या सपाट करणारं 'फ्लॅटन' नावाचं नवं काम आणायचं ठरलं, तर कळलं की मूटूल्स नावाच्या जुन्या सामानात त्याच नावाचं काम आहे आणि ते वापरणाऱ्या जुन्यापुराण्या साइट मोडतील. कुणीतरी वैतागून चेष्टेत 'स्मूश' असं नाव सुचवलं. गदारोळ झाला. शेवटी निमूटपणे 'फ्लॅट' असं नाव ठेवलं. जुन्या, कोणी फारसं न बघणाऱ्या पानांसाठी साऱ्या जगाने आपलं नाव बदललं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खाट हलवायची नाही म्हणून नवा टीव्ही दुसऱ्या भिंतीला लावतात, तसंच हे.

आता धोक्याचं सांगतो. पंगतीत वाढपी भाजी वाढत चाललाय. तिसऱ्या पानाशी आला आणि तिसऱ्याने हात झटकले, "मला पुरे", आणि तो उठला. लगेच पुढचे सगळे एकेक पान अलीकडे सरकले. चौथा आता तिसऱ्या पानावर. पण वाढपी आपल्या हिशेबाने पुढच्या, म्हणजे चौथ्या पानाकडे गेला. तिथे आता पाचवा बसलाय. मधल्या त्या बिचाऱ्या चौथ्याला भाजी मिळालीच नाही! जगातले कित्येक प्रोग्रॅम या एका न वाढलेल्या भाजीमुळे चुकलेत. जुन्या जाणत्यांनी यावर तोड काढलीय ती आपल्या खेड्यातल्या वाढप्यालाही सुचली असती. पंगतीच्या शेवटाकडून वाढत या. मग कोणी उठला तरी सरकतात ते आधीच वाढून झालेले.

हे सगळं ऐकायला गमतीचं आहे. पण आमच्या सोसायटीत याचा जो एक प्रकार झाला, तो ऐकून मला हसू आलं नाही. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही एक यादी केली होती, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची. रोज सकाळी नऊ वाजता वॉचमनने यादीतल्या प्रत्येकाला इंटरकॉमवर विचारायचं, "बरं आहे ना?" लॉकडाऊन उठलं, पण यादी राहिली. पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने हौसेने त्याचा प्रोग्रॅम केला. कोणी गावाला गेलं की नाव काढायचं, आलं की घालायचं, रोज सकाळी वॉचमनच्या मोबाइलवर ताजी यादी. आमचे सेक्रेटरी निवृत्त शिक्षक. त्यांनी एक अट घातली होती, यादी शाळेतल्या वर्णमालेप्रमाणे हवी. कॉम्प्युटर 'क्ष' हे अक्षर क आणि ष यांचं जोडाक्षर म्हणून 'क'च्या घरात ढकलतो. सेक्रेटरींनी ते चालू दिलं नाही. "क्ष आणि ज्ञ शेवटी म्हणजे शेवटी!" त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या एक आजी, ज्यांचं आडनाव क्षने सुरू होतं, त्या यादीत सगळ्यांत शेवटी आल्या.

एकदा तळमजल्यावरचे आजोबा लेकीकडे पुण्याला गेले. जाताना त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं आणि माणूस व्यवस्थित असल्यामुळे वॉचमनलाही सांगितलं. दोघांनीही कर्तव्य बजावलं. नाव दोनदा काढलं गेलं. पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा प्रोग्रॅमने विचारलं, हे आजोबा कितव्या पानावर? ते पंगतीत नव्हतेच. जावास्क्रिप्टमध्ये माणूस सापडला नाही की उत्तर येतं 'उणे एक'. प्रोग्रॅमने ते उत्तर तसंच स्प्लाइसच्या हातात दिलं. आणि स्प्लाइसच्या भाषेत उणे एक म्हणजे 'नाही' नव्हे. उणे एक म्हणजे शेवटून पहिला. त्याने इमानेइतबारे शेवटचं नाव काढलं. जो नव्हता त्याच्या बदली जी होती ती गेली.

तीन दिवस आजींना फोन गेला नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण यादीत नसलेलं नाव वाचून दाखवत नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी काठी टेकत खाली उतरल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, "काय रे बाबा, मी गेले की काय? गेले असेन तर मलाही कळवायचं ना!" आम्ही चार-पाच जण होतो, हसलो. मग त्यांनी सांगितलं की, आदल्या दिवशी सकाळी त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या. फार लागलं नव्हतं, पण उठता येईना. "म्हटलं, नऊला घंटा वाजेल, मी उचलला नाही की पोरगा वर येईल. नऊ वाजून गेले. मग नळ धरून माझी मीच उठले." नळ धरून उठायला त्यांना तासभर लागला होता.

दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा त्या रात्री झोपला नाही. माझा भाचा त्याच्या सोबतीला गेला. दुरुस्ती दोन ओळींची होती. पहिली ओळ, 'माणूस सापडला असेल तरच काढ'. एवढी साधी अट. सगळ्या जगाने रोज सकाळी उठून म्हणावी अशी. दुसरी ओळ म्हणजे स्प्लाइसची ती मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. स्प्लाइस ज्याला काढतो, त्याला हवेत सोडून देत नाही. काढलेलं नाव तो सांगणाऱ्याच्या हातात परत देतो. घ्या, हा तुमचा माणूस, याचं काय करायचं ते तुम्ही बघा. १९९९च्या प्रमाणपुस्तकापासून तो हे करतोय. पण बहुतेक लोक हात पुढे करतच नाहीत. त्या मुलाने पहिल्यांदा हात पुढे केला.

आता वॉचमनच्या मोबाइलवर सकाळी दोन याद्या येतात. एक, आज ज्यांना विचारायचं त्यांची. दुसरी, काल ज्यांचं नाव काढलं त्यांची, आणि शेजारी ते कुठे गेले हे लिहिलेलं. एका बाजूनं जातं, दुसऱ्या बाजूला दिसतं. दुसरी यादी वॉचमन वाचतो आणि चौथ्या मजल्यावरच्या आजींना ऐकवतो. त्यांनीच तसं बजावून ठेवलंय. मग त्या यादीतल्या एकेकाला त्या स्वतः फोन लावतात. पुण्याच्या आजोबांना त्यांनी पहिल्याच दिवशी लावला. म्हणाल्या, "तुम्ही गेलात ते बरं केलंत, पण पुढच्या वेळी एकदाच सांगून जा हो!"